सात-दहा ते सात-वीस

…नाही नाही, बुधवारच होता. म्हणजे मला वाटतं बुधवार. कारण पॉलाची रुग्णालयातली संध्याकाळची पाळी बुधवारीच असायची, आणि त्या दिवशी ती पाळीवर होती, म्हणजे बुधवारच… की तिने कुणाशी अदलाबदल केली होती? बघा, इथूनच सुरुवात! तुम्हाला सांगतो, मी चाळीस वर्षं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं, 'बहुतेक' या एका शब्दाचा मी आयुष्यभर पगार घेतला, तेव्हा माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ऑक्टोबर होता, हे खरं. गॅसवर खेकड्यांचं सूप होतं, हेही खरं. की टोमॅटोचं? असू दे. एक गोष्ट मात्र मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. ती तेरा वर्षांची होती. तेरा!

कोण म्हणजे? नेल. माझी नात, पॉलाची मुलगी. आणि तेरा म्हणजे किती, ते तुमच्या लक्षात येत नसेल तर ऐका. त्याच आठवड्यात तिला दातांच्या तारा बसवल्या. त्या तारांना बारीक रंगीत रबरं लावतात. हिरवी की जांभळी, यावर ती दंतवैद्याच्या खुर्चीत वीस मिनिटं विचार करत बसली, मागे तीन मुलं ताटकळलेली, शेवटी हिरवी घेतली, आणि खाली गाडीत बसेपर्यंत रडायला लागली की मला जांभळीच हवी होती! मी म्हटलं, अगं रडतेस काय, महिन्याने बदलता येतात. तर या मुलीला, हिरव्या रबरांवरून रडणाऱ्या या मुलीला, आमच्याकडची मोठी, शिकलेली, गृहकर्ज फेडणारी माणसं काय विचारत होती? तर तू अठरा वर्षांची झालीस की कुठल्या विद्यापीठात जाणार ते आत्ता सांग. या आठवड्यात सांग. आणि ते काही महिन्याने बदलता येणार नव्हतं.

कशासाठी? लॅक्रॉससाठी! काठी असते, काठीच्या टोकाला जाळी, जाळीत चेंडू, आणि डोळ्यांवर तारेचे पिंजरे बांधून मुली वाऱ्यासारख्या पळतात. सुंदर खेळ आहे हो, मी खेळाला नावं ठेवत नाही. आमच्या बाल्टिमोरच्या उत्तरेकडे तर मुलाच्या हातात चमच्याच्या आधी ही काठी येते. नेल पाच वर्षांची असल्यापासून खेळायची आणि खेळताना हसायची. बाकीच्या मुली दात-ओठ खायच्या, ही हसायची. क्लबच्या कोच ट्रिशबाई, आवाज असा की जणू घशात खडी भरलीय, त्या मैदानाबाहेरून ओरडायच्या, "नेल! हसणं बंद कर! बघणारे आलेत!"

आता नियम काय होता तो नीट ऐका, कारण सगळा घोळ त्या नियमात आहे. विद्यापीठाच्या कोचने शाळकरी मुलीला फोन करायचा नाही. सक्त मनाई! पत्र नाही, निरोप नाही, काही नाही. का? तर मुलांवर दडपण येऊ नये म्हणून. किती थोर विचार! पण मुलीने कोचला फोन लावला तर? चालतं. आणि कोचने उचलला तर? तेही चालतं! मग काय व्हायचं, विद्यापीठाच्या कोचबाई क्लबच्या कोचबाईंच्या कानात सांगायच्या, क्लबच्या कोचबाई आईबापांच्या, आईबाप मुलीच्या, की अमुक दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी या नंबरवर फोन लाव, बाई योगायोगाने फोनपाशीच उभ्या असतील. योगायोगाने! आणि सात वीसला पुढच्या मुलीचा योगायोग. आपली दहा मिनिटं हुकली की हुकली, कारण त्यांना उलटा फोन करता येत नाही ना, नियम आहे! म्हणजे मुलांवर दडपण येऊ नये म्हणून जो नियम केला, त्याने फोन लावायचं काम कुणाच्या अंगावर टाकलं? सांगा ना, कुणाच्या? ती तेरा वर्षांची होती!

पण आम्ही सगळे त्या नियमाला शहाण्यासारखे शरण गेलो होतो. उन्हाळ्यात डेलावेअरला मक्याच्या शेतांच्या मधोमध पन्नास मैदानं आखतात, तिथे चार-चारशे संघ येतात, आणि विद्यापीठांच्या कोचबाई घडीच्या खुर्च्या घेऊन रेघेजवळ बसतात. प्रत्येकीच्या डोक्यावर आपापल्या विद्यापीठाची टोपी. आईबापांनी त्यांच्याशी बोलायचं नाही, हाही नियमच. मग आईबाप काय करतात? टोप्या बघतात! खेळ कोण बघतो? माझा जावई टॉड, माझ्या शेजारी, ओठ न हलवता…

"प्रोफेसर, मान वळवू नका. वळवू नका म्हटलं ना! डावीकडे. निळी टोपी. बसली का?"

"उभी आहे. पाणी पितेय."

"पाणी पिताना कुणाकडे बघतेय?"

"टॉड, पाणी पिताना माणूस वर बघतो."

"प्रोफेसर, प्लीज!"

आणि एवढ्यात सगळीकडे आरडाओरडा, टाळ्या. काय झालं? नेलने गोल केला. तिघींना चकवून, उलट्या हाताने, म्हणे. म्हणे! कारण मी टोपी बघत होतो. सामना संपल्यावर घामाने निथळत ती माझ्याकडे पळत आली, "पॉप-पॉप, पाहिलास?" आणि मी म्हटलं, "पाहिला तर! वा!" तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात आकड्यांशी कधी खोटं बोललो नाही. नातीशी बोललो.

टॉडला तुम्ही हसाल. हसू नका. टॉड ओहायोचा. त्याच्या गावात ही काठी कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. लग्न करून इथे आला, तर इथे शेजारी, दुकानदार, चर्चमधला पाद्री, जो तो विचारणार, "तू कुठे खेळायचास?" आणि हा बिचारा छपरं घालण्याचा धंदा करणारा, "मी खेळत नव्हतो" म्हणून दहा वर्षं खाली बघत राहिला. नव्याने धर्मात आलेला माणूस उपास जास्त कडक धरतो, तसं झालं त्याचं. आणि पॉला? पॉला माझी मुलगी. काळजी हा आमच्या घरातला वारसा, तो मी तिला पुरेपूर दिला. तिने एक जाडजूड फाइल केली होती, रंगीत खुणा लावलेली. लाल खूण म्हणजे स्वप्न, पिवळी म्हणजे शक्य, हिरवी म्हणजे निदान एवढं तरी.

आणि या दोघांना नावं ठेवण्याआधी मला ठेवा. कारण तक्ता कुणी केला? मी! कुणी सांगितलं होतं मला? पॉला सहज म्हणाली, "बाबा, आठवीत हो म्हणणाऱ्या मुलींना पुढे जागा मिळण्याची शक्यता किती असते रे?" झालं! निवृत्त माणसाला शक्यता विचारणं म्हणजे म्हाताऱ्या घोड्यापुढे शर्यतीची पिपाणी वाजवणं. तीन आठवडे बसलो, एकशे बारा मुलींची माहिती जमवली, तक्ता काढला, थांबलेल्या मुलींची रेघ खाली, हो म्हणालेल्या मुलींची रेघ वर! तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुना लहान आहे, यावरून निर्णय घेऊ नये. टॉडने तो तक्ता मोठा करून फ्रिजवर चिकटवला. तळाची ओळ कापून. मी विचारलं, तर म्हणाला, "प्रोफेसर, ती फ्रिजवर मावत नव्हती." आणि मी काय केलं? हसलो. रोज त्या फ्रिजमधून दूध काढताना माझा तक्ता बघून मनातल्या मनात खूश व्हायचो. खोटं कशाला बोलू?

मग ट्रिशबाईंनी बैठक बोलावली. त्या सगळ्या पालकांना सरसकट 'आईबाबा' म्हणायच्या, मलासुद्धा, मी तेव्हा बहात्तरचा. "ऐका आईबाबा! नेलच्या वर्षाच्या मुलींसाठी वेबरबाईंच्या संघात आठ जागा आहेत. आठ! पाच गेल्या. तुम्ही विचार करत बसा, विचार चांगली गोष्ट आहे, तोवर पलीकडच्या गल्लीतली मुलगी फोन लावते." वेबरबाई म्हणजे त्या निळ्या टोपीच्या, आमच्या लाल खुणेच्या विद्यापीठाच्या कोच. विद्यापीठाचं नाव मी घेत नाही, पुष्कळ भली माणसं आहेत तिथे. तर बुधवार, सात-दहा ते सात-वीस. ठरलं.

आणि त्या संध्याकाळी काय व्हावं? पॉला पाळीवर. नेल माझ्याकडे, कारण शाळेतून माझं घर जवळ. टॉड साडेसहाला येणार होता. साडेसहाला टॉड नाही, टॉडचा फोन आला.

"प्रोफेसर, रिंग रोडवर अडकलोय. ट्रक उलटलाय. कोंबड्या आहेत."

"कोंबड्या?"

"जिवंत! सगळ्या रस्त्यावर! पोलीस पकडतायत… ते जाऊ द्या. फोन तुम्हाला लावून द्यावा लागेल. तिच्या दप्तरात प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद आहे. त्यावर सगळं लिहिलंय. स्पीकर चालू ठेवा. आणि प्रोफेसर, मध्ये बोलू नका."

"मी कशाला बोलू मध्ये?"

"तुम्ही बोलता. लग्नातसुद्धा बोलला होतात."

पाठोपाठ पॉलाचा निरोप. 'बाबा, तिला शांत ठेव. तू पण शांत राहा. तू आधी.'

कागद काढला. बाप रे! नाटकाची संहिता! एक, स्वतःचं नाव सांगणे. दोन, 'तुमचा संघ बचावात ज्या पद्धतीने खेळतो ते मला फार भावते.' भावते! तेरा वर्षांच्या मुलीला काय भावतं? तीन, अभ्यास. चार, विचारण्याचा प्रश्न, 'संघातील वातावरणाविषयी सांगाल का?' आणि शेवटी पाच, पिवळ्या शाईने रंगवलेलं, 'तुमचे विद्यापीठ ही माझी पहिली पसंती आहे आणि मी हो म्हणते.'

आम्ही तालीम केली. मी वेबरबाई झालो. सुपाची पळी कानाला लावली, आवाज बारीक केला, "हॅलोऽऽ, कोण बोलतंय?" आणि नेल अशी हसली, अशी हसली, तारा चमकल्या नुसत्या! दोनदा तालीम झाली. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली.

"पॉप-पॉप, आपण तिथे बघायला गेलो होतो ना, तर मला काय आवडलं माहितीये? जेवणघरातलं आइसक्रीमचं यंत्र."

"आणि?"

"आणि काय? तेवढंच आठवतं." मग म्हणाली, "तू तेरा वर्षांचा होतास तेव्हा तुला माहीत होतं, पुढे काय करणार?"

"होतं की. मला पाद्री व्हायचं होतं."

"मग? कधी बदललास?"

"चौदाव्या वर्षी."

बोलून गेलो आणि थांबलो. ती माझ्याकडे बघत राहिली. तुम्हीच सांगा, इथे माणसाने पुढचं वाक्य बोलायला हवं की नको? समोर ठेवल्यासारखं होतं ते वाक्य! मी काय केलं? सूप ढवळलं. मीठ घातलं.

"पॉप-पॉप, मी म्हटलं की आठवडाभराने सांगते, तर?"

आता याचं उत्तर मला येत होतं. निर्णय लांबवण्याची किंमत काय असते, या विषयावर माझा प्रबंध आहे! छापलेला! आणि मी म्हणालो, "ते… तुझ्या बाबांना विचारावं लागेल." बाबा कुठे? कोंबड्यांत!

सात-दहा. तिने फोन लावला. दोन रिंग, आणि उचलला. वेबरबाईंचा आवाज… काय सांगू, मला तो आवाज वाईट असायला हवा होता, पण चांगला होता हो. उबदार. शाळेतल्या आवडत्या बाईंसारखा. त्यांनी तिला डेलावेअरच्या त्या गोलविषयी सांगितलं, उलट्या हाताचा, तिघींना चकवून केलेला. त्यांनी पाहिला होता! मी नव्हता पाहिला, त्यांनी पाहिला होता. नेलने एक म्हटलं, दोन म्हटलं, 'भावते'वर अडखळली, तीन म्हटलं. मग बाई म्हणाल्या, "तुला मला काही विचारायचंय?"

चौथा प्रश्न तिच्या नाकासमोर होता. वातावरणाविषयी सांगाल का. तिने कागदाकडे बघितलंच नाही.

"मी येईन तेव्हा तुम्ही असाल ना?"

स्वयंपाकघरात फक्त सुपाची खदखद. मग बाई हसल्या. प्रेमाने हसल्या. "अगं सोन्या, मी कुठे जाणार? मी इथेच असेन. तू ये तर खरी." आणि मग म्हणाल्या, "मग? काय म्हणतेस?"

आणि इथे, तुम्हाला सांगतो, नेलने फोन स्वेटरवर उलटा दाबून धरला आणि माझ्याकडे बघितलं.

घड्याळात सात-अठरा. इथे माझी आठवण फाटते. माझ्याकडे तीन प्रती आहेत. एकीत मी बोट उचलून पिवळ्या ओळीवर ठेवतो. दुसरीत मी काहीच करत नाही, घड्याळाकडे बघतो, आणि ती माझ्या डोळ्यांबरोबर घड्याळाकडे बघते. तिसरीत मी तोंड उघडतो, टॉडचं 'मध्ये बोलू नका' आठवतं, आणि मिटतो. यातली खरी कुठली, मला माहीत नाही. पण जिच्यात मी म्हणतो, 'बाळ, एक आठवडा माग, आभाळ कोसळत नाही', ती प्रत मला कधी सापडली नाही. वर्षानुवर्षं शोधली. बहात्तर वर्षांचा मी, तीन पदव्या, एक प्रबंध, आणि ती तेरा वर्षांची होती!

तिने वाचलं. "तुमचे विद्यापीठ ही माझी पहिली पसंती आहे आणि मी हो म्हणते." पलीकडे बाई आनंदाने ओरडल्या. सात-वीसला फोन बंद. मग नेल टेबलाशी बसली, दोन वाडगे सूप प्यायली, आणि बीजगणिताचा गृहपाठ केला.

टॉड आठला पोचला. दारातच त्याला सांगितलं, तर तो माणूस रडला हो! मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. नेलला उचलून गरगर फिरवलं. रविवारी निळा केक, गाडीच्या मागच्या काचेवर विद्यापीठाच्या नावाची चिकटपट्टी, क्लबच्या पानावर फोटो, आणि चर्चमध्ये पाद्रीबाबा टॉडला म्हणाले, "अभिनंदन! म्हणजे आता विचारायला नको, कुठे खेळायचास!" टॉड त्या दिवशी दोन इंच उंच दिसत होता. विद्यापीठाकडून? अवाक्षर नाही. त्यांनी बोलायचं नाही, नियम! लेखी काही? बारावीच्या नोव्हेंबरपर्यंत लेखी काही नसतं. नुसता शब्द. दोन्ही बाजूंनी शब्द. फक्त एका बाजूला मोठं माणूस होतं आणि दुसऱ्या बाजूला…

असो. पुढची पावणेचार वर्षं त्या शब्दाचं आम्ही घरात काय केलं, ते ऐका. नववीच्या उन्हाळ्यात तिला सस्क्वेहाना नदीवर होडीच्या शिबिराला जायचं होतं. "नाही, स्पर्धा आहेत." दहावीत गुडघा सुजला, ती म्हणाली महिनाभर थांबते. "थांबून चालेल? तिकडे कळलं तर?" आणि मग एकदा माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर, टॉड म्हणाला, "नेल, तू शब्द दिलायस. आपण हॅकेट घराण्यातली माणसं शब्द मोडत नाही."

नेल बटाटा सोलल्यासारखी शांतपणे म्हणाली, "मी दिला नाही, बाबा. मी वाचला."

पॉला माझ्याकडे बघायला लागली. मी बशीकडे.

हसणं? मैदानावरचं हसणं कधीच बंद झालं होतं. ट्रिशबाई खूश होत्या. "आता कशी खेळाडूसारखी दिसते!"

आणि मग अकरावी संपली, तो जून. आम्ही चौघं स्नोबॉलच्या टपरीवर रांगेत, माझ्या हातात बर्फाचा गोळा, वर मार्शमेलोचा ढीग, टॉडने फोन बघितला आणि तसाच उभा राहिला. गोळा वितळून त्याच्या कोपरापर्यंत ओघळ गेला तरी त्याला पत्ता नाही. वेबरबाई निघाल्या होत्या. दक्षिणेकडे, मोठ्या विद्यापीठात. बातमीत त्यांचा फोटो होता, टोपी आता लाल.

त्यांनी नेलला फोन केला का? नाही. आता तर करता येत होता, नेल मोठी झाली होती, अकरावी संपल्यावर नियम आड येत नव्हता! नाही केला. तीस-चाळीस मुलींना शब्द दिलेला, कुणाकुणाला करणार? ट्रिशबाई म्हणाल्या, "आईबाबा, असं होतं. हा धंदा आहे." गंमत बघा, आठवीत ते स्वप्न होतं, अकरावीत धंदा!

ऑगस्टमध्ये मात्र नेलचा फोन आपणहून वाजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! नव्या कोचबाई. अत्यंत सभ्य. "नेल, तुला आधी दिलेल्या शब्दाचा आम्ही मान राखतो. यायचं असेल तर जरूर ये. पण मी माझ्या पद्धतीचा संघ बांधतेय, आणि तुला खोटी आशा लावणं मला बरोबर वाटत नाही. तुझ्या भल्यासाठी सांगते, दुसरीकडे बघ." दुसरीकडे! दुसरीकडच्या जागा कधीच भरल्या होत्या हो, आठवीतल्या मुलींनी, सात-दहा ते सात-वीसच्या फोनांवर! आणि त्या रेघा काढून, ती घाई बरोबर आहे, असं फ्रिजवर सिद्ध करून कुणी ठेवलं होतं?

त्या शनिवारी टॉड गाडीच्या काचेवरची चिकटपट्टी काढायला बसला. पॉलाचा केस वाळवायचा ड्रायर, त्याला लांबच लांब वायर, वायर धरून पॉला उभी. तासभर गरम हवा मारतोय, नखाने खरवडतोय. अर्धं नाव निघालं, अर्धं काही निघेना. ऑगस्टचं ऊन. माणूस लालबुंद झालेला. नेल बाहेर आली, त्याच्या शेजारी उकिडवी बसली, आणि तीही नखाने खरवडायला लागली.

टॉड म्हणाला, "मी हे सगळं तुझ्यासाठीच…"

"माहितीये, बाबा."

"मला वाटलं होतं तुला…"

"माहितीये. तू त्या कोपऱ्यातलं काढ, मी हे काढते."

मी ओसरीवर उभा होतो. मला वाटलं, जावं, काहीतरी बोलावं. या वेळी मध्ये बोलू नका असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. तरी नाही बोललो.

आता नेल चोवीसची आहे. एका लहानशा कॉलेजात गेली, तिथे असला संघच नव्हता. आता ओरेगनला असते, नद्यांचं पाणी मोजते, किती वाहिलं, किती गढूळ. चांगलं चाललंय. टॉड तिला दर रविवारी फोन करतो आणि छपरांविषयी बोलतो. नियमही बदलला म्हणे, आता अकरावीच्या सप्टेंबरपर्यंत कुणी कुणाशी बोलायचंच नाही, फोन कुणीही लावला तरी नाही. चांगलं झालं. उशिरा झालं.

थँक्सगिव्हिंगला ती आली होती. मी धीर केला. तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं जे गिळलं होतं ते विचारलं. म्हटलं, "नेल, त्या दिवशी फोनवर, तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मी त्या ओळीवर बोट ठेवलं का गं?"

ती विचारात पडली. खरंच पडली. मग म्हणाली, "पॉप-पॉप, मला बोटबीट काही आठवत नाही. मला एवढंच आठवतं की तू सुपात तीनदा मीठ घातलंस."

"तीनदा? मग तू दोन वाडगे कशी प्यायलीस?"

"तू इतका घाबरलेला होतास! मला वाटलं, नाही प्यायले तर तुला वाईट वाटेल." आणि हसली. तशीच, पूर्वी मैदानावर हसायची तशी. "तुम्ही सगळेच घाबरलेले होता. बाबा तर कोंबड्यांमधून दर दोन मिनिटांनी निरोप पाठवत होता. मला वाटलं, मी हो म्हटलं की तुम्ही सगळे शांत व्हाल."

म्हणजे बघा. चार शहाणी माणसं, आई, बाप, क्लबच्या कोचबाई आणि मी, आणि आम्हाला सांभाळत कोण होतं? ती! ती तेरा वर्षांची होती हो!

त्यानंतर मला झोप येईना. म्हटलं, बोटाचं काही आता कळायचं नाही, निदान जे कळण्यासारखं आहे ते तरी बघावं. ते विद्यापीठ सरकारी. तिथल्या माणसांचे नोकरीचे करार कुणालाही मागता येतात, एक पानाचा अर्ज करायचा, बस्स. तेव्हाही मागता येत होते. एकशे बारा मुलींची माहिती जमवताना मला ते सुचलं नाही, सगळा हिशेब मी मुलींचा केला, मोठ्या माणसांचा कुणाचाच केला नाही. आता केला अर्ज. नवव्या दिवशी उत्तर आलं, सोबत कराराच्या प्रती, सगळ्या वर्षांच्या. मी त्या चार वेळा वाचल्या, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही. वेबरबाईंचा करार एकेका वर्षाचा असायचा, दर तीस जूनला संपायचा. ज्या संध्याकाळी त्यांनी नेलला पाच वर्षांनंतर इथेच असेन म्हणून सांगितलं, त्या संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या नोकरीचे साडेआठ महिने उरले होते.